बियांचा अर्क

आपल्या घरांतून औषधांच्या दोन जाती मानण्याची रीत पूर्वापार चालत आली आहे. एक डॉक्टरांचें औषध आणि दुसरें झाडपाल्याचें. पहिल्यास वेळ असते, माप असतें, पथ्य असतें आणि थोडासा धाकहि असतो. दुसऱ्यास यांपैकीं कांहींच नसतें. सर्दीवर आल्याचा रस द्यावयाचा किंवा खोकल्यावर अडुळशाचा काढा करावयाचा, तर त्यासाठीं कोणी कोणाची परवानगी काढीत नाहीं. पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवानें जें पारखून घेतलें आहे, त्याविषयीं असा विश्वास बाळगण्यांत वावगेंहि कांहीं नाहीं. चूक होते ती पुढें. आजीच्या बटव्यावरचा हा विश्वास आपण दुकानांतल्या सीलबंद शिशीलाहि, केवळ तिच्यावर एका फळाचें चित्र आहे म्हणून, देऊन टाकतों. गेल्या भाद्रपदांत आमच्या घरीं हेंच घडलें. त्यांत दोष माझा होता, हें आरंभींच सांगून टाकणें बरें. म्हणजे पुढें चार शब्द सांगण्याचा माझा अधिकार किती, हें वाचकांस आपोआप समजेल.

आम्ही मेढ्याचे राहणारे. जावळी तालुक्याचें हें मुख्य ठिकाण. महाबळेश्वराहून उतरलेली वेण्णा गांवाजवळून वाहत जाते आणि पुढें माहुलीस कृष्णेला मिळते. आमच्या परसांत वडिलांनीं लावलेलें एक पपनसाचें झाड आहे. श्रावण सरतां सरतां त्याचीं फळें भरूं लागतात, आणि गणपतीपुढच्या फळांत आमच्या झाडाचें पपनस नाहीं असें वर्ष मला आठवत नाहीं. या झाडाचा उल्लेख उगाच केलेला नाहीं; माझ्या चुकीचें मूळ तेथेंच आहे.

आमच्या थोरल्या वहिनी या घराच्या खऱ्या कर्त्या. वय ७२. लहानपणीं सांध्यांचा ताप येऊन त्यांच्या हृदयाची एक झडप बिघडली होती. पुढें शस्त्रक्रिया करून तेथें धातूची झडप बसविण्यांत आली. अशा झडपेवर रक्त साकळूं नये म्हणून, ज्याला आपण बोलण्यांत ‘रक्त पातळ ठेवणारी गोळी’ म्हणतों, ती जन्मभर घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी धरण्याचें भय, जास्त झाली तर रक्तस्रावाचें भय. अशी ही दोरीवरची चाल आहे. म्हणून दर महिन्यास साताऱ्यास जाऊन रक्त तपासावयाचें. त्या तपासणीच्या आंकड्यास आय. एन. आर. असें नांव आहे. निरोगी माणसाचा हा आंकडा १ च्या आसपास असतो. वहिनींचा तो २.५ ते ३.५ च्या दरम्यान राहावा, असें डॉक्टरांनीं ठरवून दिलें आहे. इतकीं वर्षें त्यांनीं तो संभाळला होता. सूनबाईंनीं सारे कागद तारीखवार लावून फडताळांत ठेवलेले असतात.

वहिनींचा धाकटा मुलगा अमेरिकेंत असतो. तो गणपतीसाठीं घरीं आला. आईस मधून मधून लघवीच्या वेळीं जळजळ होते, हें त्यानें फोनवरच्या बोलण्यांतून ध्यानांत ठेवलें होतें, आणि तिच्यासाठीं त्यानें एक लहानशी शिशी आणली होती. ‘ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क’ असें तिच्यावर इंग्रजींत छापलें होतें, आणि खालीं ‘नैसर्गिक’ हा शब्द. दहा थेंब पाण्यांत घालून दिवसांतून दोन वेळां घ्यावयाचे. परदेशीं राहून आईच्या एवढ्याशा दुखण्याची आठवण ठेवणारा मुलगा पाहून आम्हां सर्वांसच बरें वाटलें.

वहिनींनीं शिशी हातांत घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि माझ्यापुढें ठेवली. “भाऊजी, तुम्ही जरा वाचून पाहा. माझ्या गोळ्या चालू आहेत. साताऱ्याच्या डॉक्टरांना एकदां फोन करून विचारूं का?”

मीं तीस वर्षें शाळेंत विज्ञान शिकविलें आहे. तेव्हां असा प्रश्न माझ्याकडे यावा आणि मीं तो सोडवावा, ही घरची वहिवाटच. मीं चष्मा लावून लेबल वाचलें आणि ऐटींत म्हटलें, “वहिनी, ग्रेपफ्रूट म्हणजे आपल्या परसांतल्या पपनसाचेंच लेकरूं. त्याच्या बिया त्या काय आणि त्यांचा अर्क तो काय! फळाच्या बियांविषयीं विचारायला गेलों तर डॉक्टर हंसतील आपल्याला.” वहिनी हंसल्या आणि हातांतला फोन त्यांनीं खालीं ठेवला.

माझें वनस्पतिशास्त्र खरें होतें, हेंच त्यांतलें वाईट. ग्रेपफ्रूट हें पपनस आणि संत्रें यांच्या संकरानें वेस्ट इंडीजमधील बार्बेडोस बेटावर १८ व्या शतकांत उपजलेलें फळ. नातें मीं बरोबर सांगितलें. पण नात्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र सर्वस्वीं चुकीचा होता. सोयरीक जुळवितांनाहि आपण केवळ कुळ पाहून थांबत नाहीं. मुलगा काय करतो हें विचारतों. शिशीच्या बाबतींत मी कुळ पाहूनच थांबलों.

हरतालिकेच्या आदल्या दिवशीं थेंब सुरू झाले. गौरी जेवण्याच्या दिवशीं वहिनी पुरण वाटीत बसल्या असतां सूनबाईंस त्यांच्या दंडावर मोठा काळानिळा डाग दिसला. “कपाटाचा कोपरा लागला असेल,” म्हणून वहिनींनीं पदर ओढून घेतला. दोन दिवस चूळ भरतांना हिरड्यांतून रक्त येत होतें, हें त्यांनीं कोणास सांगितलेंच नव्हतें. सणांत आपल्यामुळें विघ्न नको, हा आमच्या घरांतल्या बायकांचा जुनाच हट्ट. त्याच रात्रीं त्यांच्या नाकांतून रक्त येऊं लागलें तें कांहीं केल्या थांबेना. डोक्यावर गार पाणी झालें, नाक चिमटीत धरून झालें. पाऊण तासानें पंचा भिजलेला पाहून पुतण्यानें गाडी बाहेर काढली. त्या पावसांत साताऱ्याची वाट मला कधीं नव्हे इतकी लांब वाटली.

आय. एन. आर. ८ च्या वर गेला होता. मेंदूंत किंवा पोटांत रक्तस्राव झाला नाहीं, हें आमचें भाग्य. तेथल्या तरुण डॉक्टरांनीं विचारलें, “नवीन कांहीं औषध सुरू केलें होतें का?” आम्ही चौघेहि एका सुरांत म्हणालों, “नाहीं.” आणि हें कोणी खोटें बोललें नाहीं! ती शिशी औषध आहे, हें कोणाच्या मनांतच नव्हतें. त्यांनीं पुन्हां विचारलें, “एखादें चूर्ण, काढा, थेंब?” तेव्हां सूनबाई हळूच म्हणाल्या, “काका, ते थेंब?”

गोळी थांबविण्यांत आली आणि ‘के’ जीवनसत्त्व अगदीं मोजक्या मात्रेंत देण्यांत आलें. मोजक्या अशासाठीं कीं, धातूची झडप असलेल्या रोग्याचें रक्त एकदम घट्ट होऊं देणें हाहि जिवाशींच खेळ. आंकडा खालीं येईपर्यंत चार दिवस गेले. त्या चार दिवसांत दवाखान्याच्या व्हरांड्यांत पुतण्या डोकें धरून बसलेला असे. “माझ्या हातानें आईला विष दिलें,” असें तो दोनदां म्हणाला. भेटीस येणारे नातेवाईक त्याच्याकडे पाहत आणि मग माझ्याकडे वळून म्हणत, “हल्लींचीं मुलें, न विचारतां कांहींहि आणतात.” त्यावर मी गप्प राहिलों. वहिनी विचारूं पाहत होत्या आणि मींच त्यांस विचारूं दिलें नाहीं, एवढें वाक्य माझ्या ओठांवर येईना. वहिनींनींहि तें कोणास सांगितलें नाहीं.

डॉक्टर मोठे प्रामाणिक गृहस्थ. ते म्हणाले, “या थेंबांनींच झालें असें मी शपथेवर सांगणार नाहीं. शिशी कोणी तपासलेली नाहीं. शिवाय हरतालिका, ऋषिपंचमी यांचीं उपोषणें, सणाच्या धावपळींत कमी जेवण, यांनींहि आंकडा चढतो. पण संशयाला जागा भरपूर आहे; या अर्काची गोष्ट पूर्वीं झालेली आहे.” ती गोष्ट कोणती, हें घरीं परतल्यावर पुतण्यानें व मीं मिळून वाचून काढलें. जें कळलें तें असें.

जर्मनींतील ग्राइफ्सवाल्ट येथील संशोधकांनीं १९९९ मध्यें बाजारांत मिळणारे असे सहा अर्क तपासले. त्यांपैकीं पांचांत जंतूंची वाढ रोखण्याची चांगली शक्ति आढळली, आणि त्या पांचहि अर्कांत बेन्झेथोनियम क्लोराइड नांवाचें रसायन सांपडलें. सहाव्यांत कोणतेंच परिरक्षक नव्हतें, आणि त्यांत ती शक्तीहि नव्हती. त्या संशोधकांनीं मग फळाच्या बिया आणि चोथा घेऊन स्वतः अर्क काढून पाहिले. त्यांतहि जंतुनाशक गुण दिसला नाहीं. आतां हें बेन्झेथोनियम क्लोराइड कोठल्या झाडास लागत नाहीं. तें कारखान्यांत तयार होतें, आणि कातडीवर लावावयाच्या जंतुनाशकांत व प्रसाधनांत वापरलें जातें. अमेरिकेच्या कृषिखात्यांतील संशोधकांनाहि २००१ मध्यें अशा अर्कांत तेंच रसायन आढळलें, आणि २००५ मध्यें दुसऱ्या कांहीं नमुन्यांत त्याच जातीचें बेन्झाल्कोनियम क्लोराइड. म्हणजे शिशीवर बी, आणि गुण मात्र फिनेलच्या भावकींतला!

तिसरी हकीकत वाचून मात्र माझे हात गार पडले. स्वीडनमधील संशोधकांनीं २००७ मध्यें, वॉर्फरिन नांवाची रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्या रोग्यांनीं हे थेंब घेतल्यावर त्यांचा आय. एन. आर. चढल्याचें प्रसिद्ध केलें. थेंबांत पुन्हां तेंच बेन्झेथोनियम क्लोराइड होतें. वहिनींची गोळी याच कुळांतली.

हें घडतें कसें, तें घरगुती दृष्टांतानें सांगतां येईल. पोटांत गेलेलें औषध कायम तेथें राहत नाहीं. यकृतांत व आंतड्यांच्या अस्तरांत कांहीं विकरें असतात, तीं त्याचें विघटन करून तें बाहेर टाकण्याची व्यवस्था करतात. डॉक्टर मात्रा ठरवितात ती हा निचरा गृहीत धरून. मोरी तुंबली म्हणजे नळाची धार न वाढवितांहि न्हाणीघरांत पाणी सांचूं लागतें. तसेंच हीं विकरें एखाद्या द्रव्यानें अडविलीं म्हणजे गोळी तीच, वेळ तीच, पण रक्तांत औषध सांचत जातें. स्वीडनच्या संशोधकांनीं प्रयोगशाळेंत पाहिलें तों हें रसायन नेमकीं वॉर्फरिनचा निचरा करणारीं विकरेंच अडवीत होतें.

कोणी म्हणेल, मग ज्या अर्कांत असलें रसायन नाहीं तो तरी निर्धोक असेल ना? तो गुणकारी आहे याचा चांगला पुरावा नाहीं, हें वर आलेंच. शिवाय ग्रेपफ्रूटच्या फळाचीहि एक स्वतंत्र गोष्ट आहे. कॅनडांतील डेव्हिड बेली हे संशोधक १९८९ च्या सुमारास फेलोडिपीन या रक्तदाबावरील गोळीवर मद्याचा काय परिणाम होतो, तें पाहत होते. मद्याची चव कळूं नये म्हणून त्यांनीं तें ग्रेपफ्रूटच्या रसांत मिसळलें, आणि गोळीचें रक्तांतील प्रमाण अपेक्षेच्या कितीतरी वर गेलें. शोध घेतां दोष मद्याचा नसून रसाचा निघाला! त्या फळांतील फ्युरॅनोकुमॅरिन नांवाचीं द्रव्यें आंतड्यांतील विकर निकामी करतात, आणि एका पेल्याचा परिणाम २४ तासांहूनहि अधिक टिकूं शकतो. म्हणून सकाळीं रस व रात्रीं गोळी अशी वाटणी करूनहि भागत नाहीं. बेली व त्यांचे सहकारी यांनीं २०१२ च्या अखेरीस केलेल्या गणतींत अशीं ८५ हून अधिक औषधें आलीं, आणि त्यांपैकीं ४३ औषधांच्या बाबतींत परिणाम गंभीर होऊं शकतो असें त्यांनीं लिहिलें. कोलेस्टेरॉलवरील सिम्वास्टॅटिन, हृदयाचे ठोके नियमित ठेवणारें अमिओडॅरोन, मूत्रपिंड बदललेल्या रोग्यांचें सायक्लोस्पोरिन, हीं त्यांतलीं. आणि हीं द्रव्यें आमच्या पपनसांतहि असतात. ज्या नात्याच्या जोरावर मीं वहिनींस धीर दिला, त्या नात्यानें खरें तर सावध व्हावयास हवें होतें.

पुष्कळ लोक हे थेंब घेतात आणि त्यांस कांहीं होत नाहीं, हेंहि खरें असेल. धडधाकट माणूस, दुसरी कोणतीहि गोळी न घेणारा, चार दिवस थेंब घेऊन सुखरूप राहील. परंतु आपल्या एकत्र कुटुंबांत शिशी एकाची राहत नाहीं. ती देवघराशेजारच्या फडताळांत जाते आणि ज्याला त्याला उपयोगी पडूं लागते. त्या घरांत रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, हृदयाच्या गोळ्या घेणारें एक तरी वडील माणूस नाहीं, असें घर आज कितीसें सांपडेल?

आमच्या घरानें या अनुभवावरून कांहीं नियम घालून घेतले आहेत. सूनबाईंच्या फायलींत आतां एक पान वाढलें आहे. त्यावर प्रत्येकाच्या गोळ्यांबरोबर चूर्ण, काढा, थेंब, ताकद वाढविणारी पूड, जें जें पोटांत जातें तें सारें लिहिलें जातें, आणि डॉक्टरांकडे जातांना तें पान बरोबर जातें. नवीन शिशी उघडण्यापूर्वीं डॉक्टरांस अथवा जाणत्या औषधविक्रेत्यास विचारावयाचें. ते हंसले तर हंसोत. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनीं हा बियांचा अर्क घ्यावयाचाच नाहीं. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता व लहान मुलें यांसहि तो द्यावयाचा नाहीं. कोणीं विचारपूस करून घेतलाच, तर पाण्यांत मिसळल्याविना जिभेवर घ्यावयाचा नाहीं, आणि डोळ्यांत किंवा कानांत तर मुळींच घालावयाचा नाहीं. हिरड्यांतून वा नाकांतून रक्त, अंगावर अकारण डाग, काळा शौच, तांबडी लघवी, यांतलें कांहींहि दिसलें तर सण असो वा कार्य असो, त्याच क्षणीं सांगावयाचें. हा नियम खास बायकांसाठीं आहे, आणि वहिनींनीं तो स्वतः घातला आहे.

लेबल वाचण्याचीहि एक रीत आहे, जी मला विज्ञानाचा शिक्षक असूनहि ठाऊक नव्हती. आपल्या देशांत २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालीं अशा पूरक पदार्थांस परवाना लागतो. वेष्टनावर १४ आंकडी परवाना क्रमांक असतो, आणि २०१६ च्या नियमांनीं ‘औषधी उपयोगासाठीं नाहीं’ या अर्थाचें इंग्रजी वाक्य छापणें बंधनकारक केलें. ज्या शिशीवर उत्पादकानेंच हें लिहिलें आहे, तिनें रोग बरा करावयास निघणें म्हणजे नवलच. परदेशांतून सामानांत आलेल्या शिशीवर आपला परवाना नसतोच. आणि अमेरिकेंत तर १९९४ च्या कायद्याप्रमाणें असे पदार्थ विकण्यापूर्वीं सरकारी मंजुरी मिळवावी लागत नाहीं. कोणत्याहि औषधानें अपाय झाल्याचा संशय आला तर तो कळविण्यासाठीं भारतीय औषधकोश आयोगाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे.

आणि मुख्य म्हणजे, मूळ दुखण्याची तपासणी टाळावयाची नाहीं. वहिनींच्या जळजळीचें कारण मूत्रतपासणींत जंतुसंसर्ग असें निघालें. त्यावर डॉक्टरांनीं योग्य ती गोळी दिली, आणि ती चालू असतां आय. एन. आर. पुन्हां तपासविला, कारण जंतुनाशक गोळ्यांपैकींहि कांहीं हा आंकडा चढवितात. महिन्यांमागून महिने जें दुखणें वहिनी सोशीत होत्या, तें आठवड्याभरांत गेलें.

हें सारें लिहितांना झाडपाल्याची निंदा करण्याचा माझा हेतु नाहीं. आमच्या जुन्या वैद्यांनीं वनस्पतीस निरुपद्रवी कधींच मानलें नाहीं. बिब्बा अंगावर कसा उततो, तें जुन्या बायकांस सांगावयास नको. बचनाग तर शुद्ध केल्याविना वैद्य पोटांत देतच नसत. गुण असेल तेथें दोषाची शक्यता असणारच, हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. ‘नैसर्गिक आहे, त्यानें काय होतें?’ हा प्रश्न आयुर्वेदाचा नव्हे; तो जाहिरातीचा आहे, आणि माझ्यासारख्या अर्धवट जाणत्याचा.

पुतण्या परत जाण्याच्या आदल्या रात्रीं सारे पानावर बसले असतां मला राहवलें नाहीं. मीं सर्वांदेखत सांगितलें, “आई डॉक्टरांना विचारणार होती. मीं तिला अडविलें. दोष तुझा नाहीं, माझा आहे.” पुतण्या कांहीं बोलला नाहीं, त्यानें नुसती मान खालीं घातली. वाढणाऱ्या सूनबाई थबकल्या. वहिनी मात्र शांतपणें म्हणाल्या, “भाऊजी, मला ठाऊक होतें. पण तुम्ही आपण होऊन सांगाल, म्हणून मी वाट पाहत होतें.” आणि माझ्या पानांत त्यांनीं आमटी वाढली.

आतां घरांत कोणतीहि नवी शिशी आली कीं वहिनी ती आधीं माझ्यापुढें ठेवतात, आणि मी लेबल वाचीपर्यंत त्या साताऱ्याच्या डॉक्टरांना फोन लावतात.